प्रश्न विचारण्यासाठी मोर्शीत यावे
आकाशवाणीच्या नागपूर आणि अकोला केंद्रांना खुले पत्र

प्रति,
कार्यक्रम प्रमुख,
आकाशवाणी, नागपूर आणि अकोला

महोदय,

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुका संत्र्याच्या बागांसाठी, सिंभोऱ्याजवळच्या अप्पर वर्धा धरणासाठी आणि सालबर्डीच्या महादेवाच्या यात्रेसाठी विदर्भभर ओळखला जातो. या तालुक्यातील माणसाचे रोजचे जगणे ज्यांच्या निर्णयांवर चालते ते स्थानिक अधिकारी आणि त्या जगण्याविषयी लिहिणारे लेखक, हे दोघेही आकाशवाणीवर नियमितपणे, पूर्वतयारीनिशी आणि मोकळेपणाने बोलते व्हावेत, अशी मागणी या पत्राद्वारे दोन्ही केंद्रांकडे करण्यात येत आहे. मागणी मुलाखतीची आहे आणि त्या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ आरंभीच स्पष्ट केलेला बरा. ज्या संभाषणात विचारणाऱ्याने विषयाचा अभ्यास केलेला असतो, उत्तरे आधी लिहून आणलेली नसतात आणि उत्तर अपुरे वाटल्यास तोच प्रश्न वेगळ्या रीतीने पुन्हा विचारण्याची मुभा असते, त्याला मुलाखत म्हणावे. पुन्हा विचारण्याची ही मुभा नसेल, तर दोन आवाज ऐकू येत असले तरी ते निवेदनच ठरते, आणि निवेदने तर तहसील कार्यालयाच्या सूचनाफलकावरही वाचायला मिळतात.

ही मागणी कोणत्याही केंद्राच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही, कारण तिला कायद्याचा आधार आहे. प्रसार भारती अधिनियम १९९० साली संमत झाला व १९९७ मध्ये अमलात आला, आणि त्याच्या कलम १२ ने सार्वजनिक प्रसारणाची कर्तव्ये सांगताना सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींची मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळवण्याच्या नागरिकांच्या हक्काचे रक्षण करणे आणि परस्परविरोधी मतांनाही स्थान देत समतोल माहिती पुरवणे, ही त्यांतली प्रमुख कर्तव्ये मानली आहेत; शेती, ग्रामीण विकास आणि पर्यावरण यांकडे विशेष लक्ष द्यावे, असेही तेच कलम सांगते. दुसरा आधार माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचा आहे. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे शासकीय कार्यालय, नगर परिषद, पंचायत समिती अशा प्रत्येक संस्थेने, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपली माहिती स्वतःहून लोकांपर्यंत पोहोचवायची असते, आणि ती पोहोचवताना स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक माध्यम यांचा विचार करायचा असतो. माहिती पोहोचवण्याच्या मार्गांत सूचनाफलक व वृत्तपत्रे यांच्याबरोबर प्रसारणाचाही उल्लेख याच कलमात आहे. सारांश, एका कायद्याने आकाशवाणीला विचारण्याचे कर्तव्य दिले आहे आणि दुसऱ्याने अधिकाऱ्याला सांगण्याचे. दोघांची गाठ पडण्याची जागा तेवढी ठरवायची राहिली आहे.

ही जागा आकाशवाणीनेच द्यावी, यालाही कारण आहे. खासगी एफ. एम. वाहिन्यांना आणि सामुदायिक नभोवाणी केंद्रांना आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, त्यांना आकाशवाणीच्या बातम्या फार तर जशाच्या तशा पुनःप्रसारित करता येतात; त्यामुळे स्थानिक कारभाराविषयी गांभीर्याने प्रश्न विचारणारी नभोवाणी म्हणून सार्वजनिक प्रसारकाखेरीज दुसरे कोणी उरत नाही. वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या हे काम करतात आणि त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही, पण छापलेल्या उत्तरात अधिकारी कोठे थांबला, कोणत्या प्रश्नाला त्याचा आवाज बदलला, हे वाचकाला कळत नाही. शिवाय संत्र्याच्या बागेत ओलिताचे पाणी वळवणाऱ्याचे हात रिकामे नसले तरी कान रिकामे असतात, ही नभोवाणीची जुनी सोय आजही तशीच आहे, मग संच खिशातल्या मोबाईलमध्ये असो की गोठ्यातल्या खुंटीवर.

अधिकाऱ्याची मुलाखत कशी असावी, हे एका उदाहरणाने पाहता येईल. मोर्शी आणि वरुड या तालुक्यांत संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो अंबिया बहार आणि पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारा तो मृग बहार. अंबियाची फळे झाडावर असताना पावसाळ्यात फळगळ होते, म्हणजे पक्व होण्याआधीच फळांचा सडा झाडाखाली पडतो, आणि त्या दिवसांत तालुक्यातील प्रत्येक पारावर विम्याची चर्चा सुरू होते. अशा वेळी तालुका कृषी अधिकाऱ्याला 'शासन संत्रा उत्पादकांसाठी कोणकोणत्या योजना राबवत आहे?' असे विचारले, तर उत्तरादाखल योजनांची यादी मिळेल आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई बागेतील प्रत्यक्ष नुकसान मोजून दिली जात नाही. महसूल मंडळासाठी, म्हणजे काही गावांच्या महसुली गटासाठी, नेमून दिलेल्या संदर्भ हवामान केंद्रावर पाऊस किंवा तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याची नोंद झाली की ती मिळते. हे ज्या मुलाखतकाराला माहीत आहे, त्याचे प्रश्न निराळे असतील. या मंडळाचे हवामान केंद्र कोणत्या गावात आहे, ते बागांच्या पट्ट्यापासून किती दूर आहे, गेल्या हंगामात ते किती दिवस बंद होते, त्याच्या नोंदी शेतकऱ्याला कोठे पाहायला मिळतात, आणि बागेत फळांचा सडा पडलेला असताना केंद्राची नोंद मर्यादेच्या आतच राहिली, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागायची? यांतल्या एकाही प्रश्नात आरोप नाही, तरी एकाचेही उत्तर गोलमोल देता येत नाही. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचेही यात हितच आहे, कारण योजनेचे निकष त्याने ठरवलेले नसतात आणि त्यांचा राग मात्र त्याच्या टेबलावर निघतो. निकष कोणी ठरवले आणि आपल्या हाती त्यातले किती आहे, हे शांतपणे सांगण्याची संधी त्याला अशा मुलाखतीखेरीज क्वचितच मिळते.

अधिकारी बोलायला कचरतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल आणि त्यात तथ्य आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांनी शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास मनाई केली आहे, आणि आकाशवाणीची स्वतःची प्रसारण संहिताही व्यक्तींवर व पक्षांवर नाव घेऊन होणाऱ्या टीकेला आवर घालते. परंतु तालुक्याच्या पातळीवरील बहुतेक प्रश्न धोरणाचे नसतात, ते अंमलबजावणीचे असतात: टँकर कोणत्या गावाला कोणत्या निकषावर मिळाला, पंचनाम्याचे काम किती गावांत उरले, पैसेवारी किती निघाली. (पैसेवारी म्हणजे गावातील पिकाच्या प्रत्यक्ष उत्पादनाचे प्रमाणित उत्पादनाशी पैशांत मांडलेले प्रमाण, ती पन्नास पैशांच्या खाली गेली की गावाच्या वाट्याला टंचाईच्या सवलती येऊ शकतात, म्हणून या एका आकड्याकडे गावाचे डोळे लागलेले असतात.) असे प्रश्न विचारल्याने कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. भीती कमी करण्याचा सरळ उपाय असा, की विषय अधिकाऱ्याला आठवडाभर आधी कळवावा, म्हणजे तो कागदपत्रे सोबत आणील. प्रश्न मात्र आधी देऊ नयेत, कारण प्रश्न आधी दिले की उत्तरे कोणीतरी दुसराच लिहितो.

अशा मुलाखतींची निकड अलीकडच्या काही वर्षांत अधिक जाणवली आहे. २०२२ नंतर दीर्घकाळ राज्यातील बहुसंख्य नगर परिषदांचा आणि जिल्हा परिषदांचा कारभार निवडणुका लांबल्यामुळे प्रशासकांच्या हाती राहिला. सभागृह असले की विरोधी बाकावरचा सदस्य निदान प्रश्न तरी विचारतो. सभागृहच नसले की रस्त्यावर उतरण्यापलीकडे नागरिकाला फारसा मार्ग उरत नाही. अप्पर वर्धा धरणाचे पाणी अमरावती शहराची तहान भागवते, त्याच धरणासाठी जमिनी दिलेल्या कुटुंबांच्या मागण्या मात्र दशकानुदशके रेंगाळल्या; २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्या धरणग्रस्तांपैकी काहींनी मुंबईत मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, तेव्हा कोठे राज्याचे लक्ष तिकडे गेले. नभोवाणीवर एक मुलाखत झाली असती तर हे टळले असते, असा दावा करणे भोळेपणाचे होईल. पण पुनर्वसनाच्या कोणत्या मागणीवर कोणत्या कार्यालयात काय निर्णय झाला, हे संबंधित अधिकाऱ्याच्या तोंडून दर सहा महिन्यांनी सर्वांच्या कानांवर पडत राहिले असते, तर त्या माणसांना आपले म्हणणे ऐकवण्यासाठी जाळीपर्यंत जावे लागणे अधिक लाजिरवाणे ठरले असते, आणि कारभाराला अशा लाजेची गरज असते.

श्रोत्याने विचारावे आणि केंद्राने उत्तर मिळवून द्यावे, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. कॅनडातील शेतकऱ्यांच्या नभोवाणी मंडळांवरून त्याची प्रेरणा घेतलेली होती. सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे २० कार्यक्रम प्रसारित झाले, प्रत्येक कार्यक्रमानंतर मंडळाने चर्चा करून आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे आणि पुढच्या प्रसारणांत त्यांची उत्तरे द्यायची, असा तो क्रम होता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि मंडळे असलेल्या गावांत श्रोत्यांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडल्याचे दाखवून दिले. पुढे हा प्रयोग देशभर नेण्यात आला, पण मूळची दुहेरी वाट, म्हणजे गावाकडून केंद्राकडे जाणारा प्रश्न, हळूहळू बुजत गेली आणि केंद्राकडून गावाकडे येणारा सल्ला तेवढा उरला. परदेशातला प्रवास नेमका उलट दिशेने झालेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया शहराच्या स्वतःच्या नभोवाणीवरून दर रविवारी नागरिकांशी बोलत, त्या बोलण्यात प्रश्नाला जागा नव्हती. त्याच केंद्रावर अनेक दशकांनंतर महापौरांना दर आठवड्याला मुलाखतकाराच्या आणि दूरध्वनीवरील श्रोत्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले.

तथापि मोर्शीला मुलाखतीचा आदर्श शोधण्यासाठी न्यूयॉर्कला किंवा पुण्यालाही जाण्याचे कारण नाही, कारण रिद्धपूर याच तालुक्यात आहे. तेथेच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा एकत्र केल्या आणि मराठीतील आद्य गद्य ग्रंथ मानला जाणारा 'लीळाचरित्र' सिद्ध झाला, तो मुख्यतः विचारण्यातून. स्वामी निघून गेलेले होते. उरली होती ती त्यांच्या सहवासात राहिलेल्या माणसांची स्मरणे. म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांना विचारले, इतर शिष्यांचा शोध घेऊन त्यांना विचारले, प्रसंग कोणत्या गावी घडला, कोण उपस्थित होते, काय बोलणे झाले, हे टिपून घेतले आणि पारखून मगच ग्रंथात घातले. पुढे महानुभाव परंपरेने निरनिराळ्या स्मरणकर्त्यांचे पाठभेद त्यांच्या नावांसह जपले, एकाचे खरे धरून दुसऱ्याचे पुसून टाकले नाही. माहिती देणाऱ्याचे नाव लावणे, स्थळ नोंदवणे, दोन माणसांच्या सांगण्यातला फरक लपवून न ठेवणे, या तीन गोष्टी आजही उत्तम मुलाखतीच्या कसोट्या म्हणून पुरेशा आहेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरात राज्य शासनाने मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा या ग्रंथाचा गौरव अनेक व्यासपीठांवरून झाला. त्याच्या मागची कार्यपद्धती चालू ठेवणे हा त्याहून अधिक उपयोगाचा गौरव ठरेल, आणि विद्यापीठाचे विद्यार्थी व आकाशवाणी यांनी मिळून तो करावा.

लेखकाची मुलाखत ही अधिकाऱ्याच्या मुलाखतीपेक्षा अवघड असते, हे मत थोडे अनपेक्षित वाटेल. अधिकाऱ्याच्या बाबतीत निदान फाईल तरी असते, तिच्याशी उत्तर ताडून पाहता येते. लेखकाच्या बाबतीत फाईलच्या जागी पुस्तक असते आणि मुलाखतकाराने ते वाचलेले नसले, तर संभाषण 'आपल्या साहित्यप्रवासाविषयी सांगा' या प्रश्नापाशी सुरू होऊन पुरस्कारांच्या यादीपाशी संपते. शिकागोतील स्टड्स टर्केल यांनी १९५२ पासून सुमारे ४५ वर्षे एका केंद्रावर मुलाखती घेतल्या. लेखक समोर येण्यापूर्वी त्याचे पुस्तक खुणा करकरून वाचणे ही त्यांची ख्याती होती, आणि लेखकांइतकेच कामगारांना, शेतकऱ्यांनाही त्यांनी तितक्याच आस्थेने बोलते केले.

वऱ्हाडाच्या बाबतीत ही तयारी न केल्याने काय निसटते, हे उद्धव शेळके यांच्या 'धग' या कादंबरीवरून सांगता येते. १९६० साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी कौतिक नावाच्या कष्टकरी स्त्रीच्या संसाराची कथा आहे. तिच्यातले निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. निवेदनाची भाषा आणि पात्रांची भाषा यांतली ही सीमारेषा लेखकाने कोठे आणि का आखली, घरात ऐकलेली वऱ्हाडी कागदावर उतरवताना कोणती रूपे सोडून दिली, पुण्या-मुंबईच्या वाचकाचा विचार मनात किती होता, हे प्रश्न लेखक हयात असतानाच विचारता येतात. शेळके १९९२ मध्ये गेले. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या जिल्ह्यांत वऱ्हाडीत कविता आणि कथा लिहिणाऱ्यांची पिढी लिहिती आहे. तिच्यापाशी असे प्रश्न घेऊन जाण्याची वेळ हीच आहे.

लेखकांशी आकाशवाणीचे नाते किती निकटचे होते, याची आठवण दोन्ही केंद्रांना करून देण्याची आवश्यकता नसावी. बा. सी. मर्ढेकर आकाशवाणीत अधिकारी होते आणि त्यांनी नभोवाणीसाठी संगीतिका लिहिल्या. व्यंकटेश माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर अनेक वर्षे ग्रामीण कार्यक्रमांचे काम केले. 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये त्याच केंद्रावरून आठवड्यामागून आठवडा घरोघरी पोहोचले. नागपूर केंद्र तर १९४८ च्या जुलैपासून विदर्भाच्या सोबत आहे. माडगूळकरांचे उदाहरण येथे विशेष लागू पडते, कारण शेतीवरचा कार्यक्रम आणि साहित्य हे दोन वेगळे कप्पे आहेत असे त्यांच्या कामात कधी जाणवत नाही. या पत्रातील मागणीतही लेखक आणि अधिकारी एकाच मालिकेत असावेत, असे मुद्दाम म्हटले आहे. एका आठवड्यात जलसंपदा विभागाच्या अभियंत्याने बुडीत क्षेत्राचे हेक्टर सांगावेत आणि पुढच्या आठवड्यात एखाद्या कथाकाराने बुडालेल्या गावाविषयी बोलावे, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून पाहता येतील.

बोलीचा प्रश्न येथेच निकालात काढला पाहिजे. ध्वनिक्षेपक समोर आला की मोर्शीचा माणूस पुस्तकी मराठीत बोलू लागतो आणि अर्धे म्हणणे तिथेच गमावतो. मुलाखतकाराने पहिली दहा मिनिटे ध्वनिमुद्रण न करता वऱ्हाडीत गप्पा माराव्यात, अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातला असला तर त्याला श्रोत्याचा वऱ्हाडी प्रश्न जसाच्या तसा ऐकवावा, त्याचे शुद्धीकरण करू नये; प्रसार भारती अधिनियमाने ज्या प्रादेशिक भाषा-संस्कृतींना पुरेसे स्थान देण्यास सांगितले आहे, त्यांत ही बोली येते.

ध्वनिमुद्रण जतन करण्याकडे मात्र मुलाखतीइतकेच लक्ष द्यावे लागेल. प्रत्येक मुलाखतीची तारीख, स्थळ, बोलणाऱ्याचे नाव आणि पद, चर्चेतले विषय आणि त्यात दिलेली आश्वासने यांची सूची करून ती मुद्रणासह सर्वांना ऐकता येईल अशा ठिकाणी ठेवावी. तहसीलदाराची बदली होते, मुख्याधिकारी बदलून जातात, नवा अधिकारी पहिल्यापासून सुरुवात करतो; मागच्या अधिकाऱ्याने अमुक गावाच्या पाणीपुरवठ्याविषयी काय सांगितले होते, हे त्याच्याच आवाजात नव्या अधिकाऱ्याला ऐकवून पुढचा प्रश्न विचारता आला पाहिजे. अधिकाऱ्याने 'माहिती घेऊन सांगतो' असे म्हटले, तर तो प्रश्न महिनाभराने त्याच कार्यक्रमात पुन्हा वाचला जावा आणि उत्तर आले नसल्यास तसे सांगितले जावे.

कार्यक्रमाचे स्वरूप साधे असावे. महिन्यातून दोन मुलाखती, एक अधिकाऱ्याची आणि एक लेखकाची, प्रत्येकी अर्ध्या तासाची. ध्वनिमुद्रण नागपूरच्या किंवा अकोल्याच्या स्टुडिओत न करता मोर्शीत, श्रोत्यांच्या उपस्थितीत, एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा ग्रंथालयाच्या सभागृहात व्हावे. श्रोत्यांचे प्रश्न पोस्टकार्डाने, दूरध्वनीने आणि मोबाईलवरील ध्वनिसंदेशाने स्वीकारले जावेत आणि विचारणाऱ्याच्या गावाचे नाव प्रसारणात घेतले जावे. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना अधिकाऱ्यांच्या मुलाखती थांबतील, त्या काळात दोन्ही पाळ्या लेखकांना देता येतील. मोर्शीत वर्षभर हे जमले, तर पुढच्या वर्षी वरुड, अचलपूर, दर्यापूर, अकोट अशा तालुक्यांकडे जाता येईल. पहिल्या मुलाखतीसाठी अंबिया बहाराच्या फळगळीचे दिवस निवडावेत, तालुका कृषी अधिकारी आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी या दोघांना एकत्र बोलवावे आणि महसूल मंडळातील हवामान केंद्रांच्या नोंदी दोघांनाही सोबत आणण्यास सांगावे.

मोर्शी, जि. अमरावती